चालत्या पोरीला चाकाची खुर्ची

माझी डिंपल पाच वर्षांची होईपर्यंत मला जेवढे शहाणे भेटले, तेवढे मूर्ख मी बाजाराच्या दिवशीही एका जागी पाहिले नाहीत.

पोरगी बोलत नव्हती. हाक मारली तर वळून बघत नव्हती. आम्ही मळ्यातून तोडून आणलेली भेंडी लांबीप्रमाणे ओळीने लावत बसायची, आणि कोणी त्यातली एक हलवली की डोकं जमिनीवर आपटायची. बालरोग डॉक्टरने तिच्याकडे न बघताच सांगितलं, "बोलेल हो. बापही उशिराच बोलला असेल." बाप वेळेवरच बोलला होता, पण डॉक्टरपुढे तो गप्प राहिला, म्हणून डॉक्टरचं खरं ठरलं. त्या एका वाक्यावर आम्ही दोन वर्षं घालवली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मोबाइल दाखवते म्हणून असं झालं. आमच्या घरात तेव्हा बटणांचा मोबाइल होता. माझ्या सासूबाईंचं, गीताबाईंचं, वेगळंच, ग्रहणाचं. "गिरानात वांगे चिरले तूनं, मंग काय होईन?"

शेवटी आमच्या गावच्या आशा कार्यकर्तीने एक शब्द कानावर घातला. स्वमग्न. तिने तो कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकला होता. पुढचं तिलाही माहीत नव्हतं, पण माहीत नाही असं ती सरळ म्हणाली.

तोच शब्द महिनाभराने मला फ्लेक्सवर दिसला. धामणगाव बढ्यात किसनरावांच्या जनआधार मंचाचं दिव्यांग शिबिर होतं. किसनराव निवडून यायचे कधीच थांबले होते, फ्लेक्सवर चढायचे मात्र थांबले नव्हते. 'अपंग, मूकबधिर, मतिमंद, स्वमग्न, सर्वांची तज्ज्ञांकडून तपासणी.' मी डिंपलला नवा फ्रॉक घातला आणि सकाळी आठलाच मंगल कार्यालयात जाऊन बसले.

तज्ज्ञ म्हणून एक हाडांचा डॉक्टर आला होता. तोही जेवून निघून गेला. टेबलावर मंचाचा एक कार्यकर्ता अर्ज भरत होता.

"हात हायेत का?"

"हायेत."

"पाय?"

"हायेत ना. समोरच तर उभी हाय."

"मंग अपंग काय हाय?"

"बोलत नाही. स्वमग्न असंन म्हणतात. तुमच्याच बोर्डावर लिहेल हाय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू बोर्ड वाचणं हा माझा गुन्हा होता. काहीतरी खरडलं आणि बसायला सांगितलं.

दुपारी दोनला माइकवर डिंपलचं नाव पुकारलं. स्टेजवर व्हीलचेअर उभी होती. मला वाटलं, नाव चुकलं.

"भाऊ, ही चालते," मी किसनरावांना म्हटलं. "पयते. मले पकडू देत नाही, एवढी पयते."

"बसव तिले दोन मिनिटं," किसनराव हार सावरत म्हणाले. "पाहुणे निघून राह्यले. फोटो झाला का उठव."

आणि मी बसवलं. स्पीकर कानाशी वाजत होता. डिंपलने दोन्ही हातांनी कान गच्च दाबले आणि किंचाळायला लागली. फोटोवाला ओरडला, "ताई, तिचे हात खाली घ्या, चेहरा दिसत नाही." मी तिचे हात खाली घेतले. तिने माझ्या मनगटाला चावा घेतला, रक्त निघालं, तरी मी हात सोडले नाहीत. त्या दिवशी त्या स्टेजवर जेवढे नालायक होते, त्यांत माझा नंबर मी पहिला लावते.

बाहेर गेटजवळ आमच्याच गावचे उकंडराव बसले होते. विहिरीच्या कठड्यावरून पडल्यापासून त्यांचे दोन्ही पाय गेलेले. हातांवर सरपटत ते सकाळपासून रांगेत होते. खुर्च्या संपल्या असं त्यांना सांगितलं होतं. माझ्यामागून टेम्पोत चढवली जाणारी खुर्ची बघून ते म्हणाले, "पोरीले भेटली ना? बरं झालं माय." त्या माणसाच्या तोंडाकडे मला बघवेना.

संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर फोटो आला. 'दोन्ही पायांनी अपंग चिमुकलीला किसनरावांचा मदतीचा हात.' डिंपलच्या बापाने तो बघितला, मोबाइल उलटा ठेवला आणि सकाळी उठून पहिलं काम केलं ते खुर्ची ढकलत उकंडरावांच्या घरी नेऊन देण्याचं. त्याने कोणाला विचारलं नाही. त्याच्या हातून इतकं नीट झालेलं काम मी त्याआधी क्वचितच बघितलं होतं.

चार दिवसांनी दारात एक स्कूटी थांबली. सुती साडी, खांद्याला फुगलेली पिशवी. मंजुश्री मॅडम, मोताळ्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका.

"फोटो पाहिला मी," त्या म्हणाल्या. "फक्त पायांनी अपंग असलेलं लेकरू असं हात कानांकडे ओढत ओरडत नाही. हिच्या पायांना काही झालेलं दिसत नाही मला."

"तुम्ही कोणता फॉर्म आणला?" मी विचारलं. चहाचंही विचारलं नाही.

"फॉर्म नाही आणला. ही भेंडी कोणी लावली?"

मी डिंपलकडे बोट दाखवलं. मॅडम तिच्यापासून दोन हात दूर जमिनीवर बसल्या. हाक नाही, गालगुच्चा नाही, 'पोपट कसा बोलतो' नाही. टोपलीतली एक भेंडी तळहातावर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. अर्धा तास गेला. मला वाटलं, ही बाईही वेडीच. मग डिंपल सरकत आली, त्यांच्या हातावरची भेंडी उचलली आणि ओळीत तिच्या जागी ठेवली. मॅडमनी दुसरी धरली. तीही तिने घेतली.

"यावर औषध नाही," जाताना त्या म्हणाल्या. "पण ती शिकते. माझ्याकडे चाळीस गावं आहेत, महिन्यातून दोनदा येईन. रोजचं तुम्हालाच करावं लागेल. आणि बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी मी सोबत येते."

आल्याही. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तासभर डिंपलला खोलीत मोकळं सोडलं, तिच्याकडे बघत राहिले आणि मला चाळीस प्रश्न विचारले. मग कागदावर लिहिलं, स्वमग्नता. मी रडले नाही. दोन वर्षं खाणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टरला मनातल्या मनात बुलढाण्यापासून मोताळ्यापर्यंत शिव्या घातल्या.

मॅडमनी चित्रांचे पत्ते करायला शिकवले. आमच्याच घरातले फोटो, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. पाण्याचा तांब्या, भाकर, मोरी. एका पत्त्यावर लाल फुली, म्हणजे नको. तिने पत्ता हातात दिला की आपण ती वस्तू लगेच द्यायची, आणि तिने नको म्हटलं की थांबायचं. तीन आठवडे काहीच झालं नाही. सासूबाई हसायच्या, "पत्ते खेऊन राह्यल्या काय व मायलेकी?"

चौथ्या आठवड्यात सासूबाईंनी चटणीसाठी मिक्सर लावला. डिंपल कान दाबून कोपऱ्यात गेली. मग उठली, पत्त्यांच्या डब्यातून लाल फुली काढली आणि आजीच्या हातात कोंबली. सासूबाईंनी पत्त्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं आणि बटण बंद केलं. त्या दिवसापासून आमच्या घरी चटणी पाट्यावर वाटली जाते. ग्रहणाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. चुकलं असंही म्हणाल्या नाहीत. मी वाट बघितली, मग सोडून दिली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी किसनराव आले. मागे फोटोवाला होता.

"खुर्ची परस्पर देऊन टाकली म्हणतात तुम्ही," ते ओसरीवरूनच गरजले. "मंचाची वस्तू हाय ते. यादीत पोरीचं नाव हाय. उद्या कोणी विचारलं त मी काय सांगू?"

"सांगा का पोरगी चालते," मी म्हटलं. "त्या दिवशीही सांगतलं होतं."

ते एकदम हसले. "बरं, असं करू. पोरगी आता चालायला लागली, असा एक फोटो घेऊ. आण तिले."

एवढ्या मोठ्या आवाजाने डिंपल आधीच बाहेर आली होती. एक कान खांद्याने दाबलेला. ती सरळ त्यांच्याकडे गेली, हातात पत्ता दिला आणि आत निघून गेली.

किसनराव पत्ता उलटसुलट करून बघत राहिले. "हे काय?"

"नको म्हणते ते तुमाले," सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. "एवढं त समजते ना भाऊ?"

फोटोवाल्याने कॅमेरा पिशवीत घातला. किसनरावांनी मात्र त्या रात्री ग्रुपवर टाकलंच, 'शिबिरातील चिमुकली आता आपल्या भावना व्यक्त करते.' सत्तर जणांनी हात जोडले. मी ग्रुप सोडला.

जूनमध्ये डिंपल जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत बसली. अकरापर्यंतच बसते, दाराजवळ, आणि मी बाहेर व्हरांड्यात. मुख्याध्यापकांनी आधी नाक मुरडलं होतं. मॅडमनी त्यांच्यासमोर नियमाचा कागद ठेवला, तेव्हा नाक सरळ झालं. पाणी हवं असलं की ती आता 'पा' म्हणते. मला आई म्हणत नाही. म्हणेल का, असं परवा घरी आलेल्या मॅडमना मी विचारलं.

"सांगता येत नाही," त्या सरळ म्हणाल्या.

मी त्यांच्यासाठी चहा ठेवला.