चौदा दिवसांची अट

आईच्या शरीराला सहा नळ्या होत्या: तोंडात एक, नाकात एक, मानेत एक, हातांत दोन आणि लघवीची एक. छातीवर पाच वायरी, बोटाला एक चिमटा. धाकट्या मुलाने दोनदा मोजलं. मोजल्याशिवाय याला काही दिसतच नाही, असं त्याची ताई म्हणायची.

मेंदूत रक्तस्राव होऊन आज चौथा दिवस. मोठ्या डॉक्टरबाईंनी दोघांना आपल्या खोलीत बसवलं.

"आशा धरण्यासारखं काही उरलेलं नाही. मशीनवर किती दिवस ठेवायचं, याचा आईंनी साक्षीदारांसमोर हा कागद करून ठेवला, फार बरं केलं. आमच्या समितीनेही तो मान्य केलाय. चौदा दिवस पूर्ण झाले की व्हेंटिलेटर काढू."

"चौदा?" ताई म्हणाली. "म्हणजे अजून दहा? कशाला?"

डॉक्टरबाईंनी कागद पुढे सरकवला. ताईने वाचला आणि धाकट्याकडे पाहिलं. अक्षर त्याचं होतं.

दोन वर्षांपूर्वी आई शिवणयंत्रावर कुणाचं तरी झबलं शिवत होती आणि हा समोर वही घेऊन बसला होता.

"मला खुंटीला टांगून ठेवू नका," ती म्हणाली. "दोन-चार दिवस बघा, नाहीतर सरळ सोडा."

"दोन की चार?"

"अरे मेल्या, मी काय कापड फाडून मागतेय? दोन-चार म्हणजे दोन-चार!"

"कागदावर असं चालत नाही, आई. नक्की आकडा लागतो."

"मग घाल तुला हवा तो. शहाणा तू." तिने दाताने दोरा तोडला.

धाकटा औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होता. इंजेक्शनच्या बाटल्यांतले नमुने तिथे चौदा दिवस उबेत ठेवत आणि रोज उजेडात धरून पाहत. जंतू वाढले नाहीत, तरच माल बाहेर. तेराव्या दिवशी गढूळ झालेला नमुना त्याने स्वतः पाहिला होता. तेव्हापासून चौदाच्या खालच्या आकड्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. त्याने चौदा लिहिलं. आईने न वाचता सही केली.

"डॉक्टर," त्याने विचारलं, "समजा, हा आकडा तिचा नसेल तर?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तर कागदही त्यांचा राहत नाही. एक ओळ खरी आणि एक खोटी, असं आम्हाला धरता येत नाही. मग कोर्टात जावं लागेल. किती महिने लागतील ते सांगता येणार नाही आणि तोवर मशीन चालूच." त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही."

बाहेरच्या बाकावर ताई त्याच्या शेजारी बसली.

"बोटांनी मापं घेतली तिने जन्मभर. एक झंपर कधी घट्ट झाला नाही," ती म्हणाली. "आणि तू तिला आकडे शिकवायला निघालास."

"घाई नको व्हायला, एवढंच वाटलं गं."

"निदान विचारायचंस तरी, आई, चौदा चालतील का म्हणून."

विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. कागदाच्या तीन प्रती काढायला तो दोन तास रांगेत उभा होता.

सहाव्या दिवशी आईच्या कंबरेखाली लाल डाग दिसला. नर्स दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवू लागली. धाकट्याने रजा टाकली. भेटीच्या वेळेत वळवायची पाळी आली की तो खांद्याला आधार देई. आठव्या दिवशी कातडी फाटली. "आई, चुकलं माझं," तो तिच्या कानाशी म्हणाला. मशीनने ठरलेल्या वेळी तिची छाती वर उचलली आणि खाली सोडली.

चौदा दिवस पूर्ण झाल्यावर सकाळी दहाला डॉक्टरबाईंनी तोंडातली नळी काढली. ताईने एक हात धरला, त्याने दुसरा. दहा वाजून नऊ मिनिटांनी श्वास थांबला.

नर्सने शेवटची नोंद करण्यासाठी आईला कुशीवर वळवलं, जखमेला मोजायची कागदी पट्टी लावली आणि तक्त्यात लिहिलं: लांबी सात सेंटिमीटर, रुंदी पाच, खोली दीड.