बारकीसाठी वकील

बायको गेल्याचं मिस्त्रींना कळलं तेव्हा ते एका इमारतीच्या लिफ्टच्या टपावर बसून लिफ्ट ओढणारी तार तपासत होते. आत फोनला रेंज नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या दारातून रखवालदाराने हाक मारली, "मिस्त्री, बाहेर या. घरून माणूस आलाय." बायको दवाखान्यात होती, त्यामुळे घरून माणूस यायला दुसरं कारण नव्हतं. मिस्त्रींनी हात पुसले, हत्यारं पिशवीत भरली, लिफ्ट एकदा खालीवर चालवून बघितली आणि मगच बाहेर आले. त्यावरून नंतर मेहुणी त्यांना बरंच बोलली. पण तेवढं काम हाताला मिळालं नसतं, तर त्यांना तिथून उठता आलं नसतं.

मागे राहिली बारकी. अकरा वर्षांची, बायकोच्या पहिल्या लग्नाची मुलगी. या घरात आली तेव्हा चार वर्षांची होती. दूध पिताना ओठावर मिशी यायची आणि मिस्त्रींना ती 'काका' म्हणायची. मिशी गेली, काका तेवढं राहिलं.

तिचा बाप पहिल्याच आठवड्यात भेटायला आला. त्याचं दुसरं लग्न झालं होतं, गाव वेगळं होतं, आणि तीन वर्षांत तो इकडे फिरकला नव्हता. खुर्चीत बसून ढसाढसा रडला, चहा प्यायला, आणि जाताना बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "परीक्षा झाली की घेऊन जातो तिला. माझं लेकरू परक्याच्या घरात कशाला?"

मिस्त्रींनी त्याला दार उघडून दिलं. दार लागल्यावर मेहुणीच्या तोंडाचा पट्टा सुटला. ही बायकोची धाकटी बहीण, पलीकडच्याच गल्लीत राहणारी.

"भावजी, तो पोरगी न्यायची म्हणतोय आणि तुम्ही खांबासारखे उभे!"

"काय बोलणार? बाप आहे तो."

"मग तुम्ही कोण? सात वर्षं डबा कोणी भरला? वकील बघा वकील."

"कुठे मिळतो?"

"आभाळातून पडतो! कोर्टासमोर चला, पाट्या काय कमी आहेत?"

पाट्या पुष्कळ होत्या, पण घरच्या भांडणांचं काम करणारे गावात तिघंच निघाले. पहिले नावाजलेले, ऑफिस सहाव्या मजल्यावर. त्या इमारतीची लिफ्ट मिस्त्रींच्याच देखभालीत होती, पण अशील म्हणून बटण दाबताना त्यांना उगाच चोरट्यासारखं वाटलं. बाहेर बसलेल्या कारकुनाने आधी विरुद्ध बाजूच्या माणसाचं नाव विचारलं, आत गेला आणि लगेच परत आला.

"साहेबांना हे काम घेता येणार नाही."

"पण मी अजून काही सांगितलंच नाही."

"सांगूही नका. ते गृहस्थ गेल्याच आठवड्यात सल्ला घेऊन गेले. एका बाजूचं ऐकलं की दुसऱ्याचं ऐकता येत नाही."

दुसऱ्या वकिलांकडेही तेच झालं. हे म्हातारे आणि मनाने चांगले. पाणी दिलं, "वाईट वाटतं" म्हणाले, पण तेही बापाचं ऐकून बसले होते.

रस्त्यावर येताच मेहुणी कडाडली, "गावातले वकील उष्टे करून ठेवलेत मेल्याने!"

मिस्त्रींना हसू फुटलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच. मग लगेच लाज वाटली.

तिसऱ्या वकीलबाई. कपडे इस्त्री करण्याच्या दुकानावर, माडीवर त्यांची एक खोली होती. सराफाच्या मोठ्या पाटीमागे त्यांची पाटी झाकून गेली होती, म्हणूनच बहुधा बापाच्या नजरेतून सुटली. वर जायला अरुंद जिना. "चढा, भावजी," मेहुणी म्हणाली, "पाय असतात आपल्याला."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. खालून वाफेचा वास येत होता.

"रक्ताचं नातं?"

"नाही."

"दत्तक घेतलं होतं?"

"नाही. कधी गरजच वाटली नाही. घरात होतीच ती."

"मग खोटी आशा लावत नाही. कागदावर बाप तुमच्यापेक्षा भारी आहे. तुमच्याकडे भरवशाची गोष्ट एकच, मुलगी स्वतः. उद्या तिला आणा. मी तिच्याशी एकटीशी बोलेन."

"ती बुजरी आहे. मी सोबत बसतो."

"म्हणूनच नको."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बारकी दप्तरासकट आत गेली आणि दार लागलं. मिस्त्री आणि मेहुणी बाहेर बाकावर बसले. ती काय सांगेल याची त्यांना काळजी नव्हती. काळजी होती ती, ते पुरेसं होईल का याची. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, मावशीशेजारी बसली आणि बुटाकडे बघत राहिली. बाईंनी मिस्त्रींना आत बोलावलं.

"तिने जेवढं सांगू दिलंय तेवढंच सांगते. तिला तुमच्याकडेच राहायचंय. त्यात शंका नाही."

मिस्त्री उठायलाच निघाले.

"पण तिला बापाला भेटायचंही आहे. भीती ही, की राहायला तुमचं घर निवडलं तर तुम्ही त्याला दारात उभं करणार नाही."

"तीन वर्षं कुठे होता तो?"

"तेही ठाऊक आहे तिला. ती म्हणाली, बाबा आईसाठी रडले. काका रडतच नाहीत, मग मी कोणासमोर रडू?"

रोज रात्री ती झोपल्यावर नळ सोडून मिस्त्री न्हाणीघरात उभे राहायचे. तिला त्रास नको म्हणून.

"मला त्याचा पाय घरात नको," ते म्हणाले. "तसा वकील मिळेल का?"

"मिळेल की. शेजारच्या गावात जा, बापाचं तोंड काळं करून देणारे हवे तेवढे मिळतील. जिंकालही कदाचित. पण त्यासाठी मुलीला कोर्टात बापाविरुद्ध बोलावं लागेल. ते काम मी करत नाही."

"आणि तुम्ही काय करता?"

"मुक्काम तुमच्याकडे, भेटीगाठी त्याच्याशी. एवढंच मागेन, आणि त्यासाठी जीव तोडून भांडेन. अट एक. पहिला फोन तुम्ही करायचा. रविवारी ये म्हणायचं. माझ्या नोटिशीआधी."

मिस्त्रींनी दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. मेहुणी पिशवीतली लिमलेटची गोळी बारकीला देत होती आणि बारकी ती नको नको म्हणत शेवटी घेत होती.

"कुठे सही करू?" त्यांनी विचारलं.

वकीलपत्रावर सही झाली. घरी येताना बारकीने दप्तर त्यांच्या हातात दिलं, एरवी देत नसे. जेवताना मिस्त्रींनी विचारलं, "रविवारी बाबांना बोलावू का?" तिने तोंडातला घास गिळला. मग म्हणाली, "तुम्ही पण घरात थांबाल ना?"

"थांबेन."

त्या रात्री त्यांनी नळ सोडला नाही. बाहेरच्या खोलीत बसले. बारकी उठून आली, शेजारी बसली, आणि दोघंही रडली.

आज शुक्रवार आहे. बापाला फोन करायचा अजून राहिला आहे, आणि रविवार परवावर आलाय.