पेटी, प्रोग्राम आणि थेल्माचं पत्र

लॉइडची महागडी पेटी चांगली की ऑरिनचा फुकटचा प्रोग्राम, या वादाने माझं डोकं पिकवलं होतं. दोन्हींचं काम एकच. बोटीवरच्या रेडिओतून शेकडो मैलांवरच्या कुठल्यातरी हौशी रेडिओवाल्याच्या अँटेनापर्यंत ईमेल पोचवायची आणि तिथे आलेली उतरवून घ्यायची. पण माझा नवरा लॉइड आणि शेजारच्या बोटीवरचा म्हातारा ऑरिन रोज सकाळी कॉफीचे मग घेऊन सेकंद मोजत बसायचे.

"तुझी पेटी म्हणजे पांढरा हत्ती," ऑरिन म्हणायचा.

"आणि तुझा प्रोग्राम? जरा खरखर वाढली की मान टाकतो!"

मला त्यांच्या वेगाशी काय देणंघेणं! मला थेल्माचं पत्र हवं होतं. माझी थोरली बहीण तिकडे कॅनडात, सस्काटूनला अंथरुणाला खिळली होती. "मी बोलावेन तेव्हाच ये," तिने लिहिलं होतं, "आधीच येऊन उशाशी रडत बसू नकोस." मी बॅग भरून ठेवली होती. नऊ दिवस झाले, तिचं एक अक्षर नाही.

"लोरेतोला जाऊ या, तिथून विमान धरते," मी म्हटलं.

"या उत्तरेच्या वाऱ्यात?" लॉइड म्हणाला. "अगं, हवामानाचा अंदाज दोन मिनिटांत उतरला. यंत्र ठणठणीत आहे. पत्र नाही, म्हणजे ती बरी आहे."

"माझ्याकडे तीन मिनिटं लागली," ऑरिन म्हणाला, "पण उतरला की नाही?"

मेले दोघंही खूश. आणि मीही, काय सांगू, ते ऐकून निवांत झाले.

दहाव्या दिवशी सकाळच्या रेडिओवरच्या हजेरीला, सगळ्या बोटी एकेक करून आवाज देतात तेव्हा, हजेरी घेणाऱ्या बाईने माझं नाव पुकारलं. "व्हर्ना, तुझ्या भाचीचा, डार्सीचा, फोन आला होता. म्हणते, तिने तुला सहा पत्रं पाठवली. सहाही परत आली."

थेल्माचे हात चालेनासे झाले असणार. डार्सी स्वतःच्या पत्त्यावरून लिहीत होती. आणि रेडिओवरच्या टपालात आपण यादीतून काढलेल्या माणसाचं पत्र आत येतच नाही. मार्चमध्ये तिने मांजराचे फोटो पाठवले, ते उतरवायला पाऊण तास गेला, म्हणून वैतागून मीच तिचं नाव काढलं होतं. मीच. माझ्या या हातांनी.

लॉइडने ते नाव पुन्हा यादीत घातलं. मी लिहिलं, "आत्ता निघते. तिला सांग, व्हर्ना येतेय." ऑरिन कॉफीचा मग तसाच धरून उभा होता. दर दहा मिनिटांनी लॉइड किनाऱ्यावरचं स्टेशन लावून उत्तर आलं का बघत राहिला. लाट थोडी कमी झाली होती. मी बॅग वर डेकवर आणली, नांगर उचलायला साखळीपाशी गेले.

"व्हर्ना," लॉइडने खालून हाक मारली.

मी खाली गेले. डार्सीचं पत्र चाळीस सेकंदांत उतरलं होतं. लॉइडने पडदा माझ्याकडे वळवला.

"मावशी, आई मंगळवारी गेली. चार दिवस दाराकडे बघत होती. म्हणायची, तिला बोलावलंय, ती येईल. आता येऊ नकोस."