हात न लावलेली चटणी

रेवणसिद्धनं मला अकरा बायांसमोर घरी पाठवलं, त्याच दिवशी मी ठरवलं, ह्याची चार लोकांत फजिती झालेली बघायची. तोवर घास गोड लागणार नव्हता.

त्याच्या शेंगा-चटणीच्या कारखान्यात मी अठरा वर्षं पाकिटं बंद केली. पाकीट चिमटीत दाबून धरायचं, मशीनखाली सरकवायचं, की लगेच पुढचं. दोन्ही अंगठे कामातून गेले. घरी तीच चटणी खायला घेतली तर पाकीट फाटेना. म्हणून एकदा म्हटलं, "मालक, कडंला बारीक खाच ठिवा की, संक्रांतीआदी हुती तशी. म्हाताऱ्या मानसांला फाडाय येत न्हाय."

"खाचंतनं तेल झिरपतंय," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला हात हायत, बसव्वा. तुझेच मोडलेत. उद्यापासनं घरी बस."

बाया खाली बघत राहिल्या. कुणी हसलं असतं तर मी भांडले तरी असते.

श्रावणी सोमवारी त्याच्या घरी जंगमांना, म्हणजे आमच्या लिंगायतांच्या स्वामींना, जेवण असतं. आम्ही गल्लीतल्या बाया दरवर्षी मदतीला जातो. त्याची आई मल्लव्वा, तिनं मलाही निरोप धाडला. यंदा नवी पेठेतले व्यापारीही येणार होते. रेवणसिद्धनं नवं पाकीट काढलं होतं, तेही बिनखाचेचंच, वर छापलेलं: 'हात न लावलेली चटणी'. भर पंगतीत ताजी पाकिटं फोडून वाढणार, असं तो आठ दिवस सांगत फिरत होता.

आता आमच्या कारखान्याची एक खोड सांगते. सील पक्कं झालं का बघायला आम्ही पाकिटाचा कोपरा दातात धरून हिसका देतो. पाकीट फाटलं आणि जोड सुटला नाही, तर सील पक्कं. मालकापासून झाडणारीपर्यंत सगळ्यांच्या दातांना ती सवय. तेव्हा मला फार काही करावं लागलं नाही. स्वयंपाकघरातली कात्री उचलली आणि ज्वारीच्या डब्यात खोल खुपसली. विळ्या मागच्या अंगणात होत्या, कांदा चिरायला.

पंगत बसली. मधोमध म्हातारे स्वामी. रेवणसिद्ध नुकताच तूप वाढून आला होता, बोटं माखलेली. त्यानं पाकीट ओढलं. सटकलं. परत ओढलं, परत सटकलं. "कात्री कुटं हाय?" तो आत बघून ओरडला. बाया शोधायला लागल्या. मीही शोधली, जरा जास्तच मन लावून. बाहेर स्वामी हात आवरून बसलेले, व्यापारी त्याच्याकडंच बघतायत. शेवटी त्यानं कोपरा दातात धरला आणि हिसका दिला.

तसाच वाढायला वाकला. आपण काय केलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

स्वामींनी ताटावर हात आडवा धरला. "उष्टं झालं की रे, बाळा."

एका व्यापाऱ्यानं खोकल्याचं सोंग करून हसू दाबलं, दुसऱ्याला तेही जमलं नाही. रेवणसिद्धचं तोंड एवढंसं झालं. मी दारात उभी राहून डोळे भरून बघितलं. इतकं सुख मला कुठल्या दिवाळीनं दिलं नव्हतं.

तेवढ्यात मल्लव्वा भिंतीला धरून उठली. मला वाटलं, आता लेकाला सावरून घेणार.

"स्वामी, रागावू नगा," ती म्हणाली. "ती पाकिटं मलाबी फाडता येत न्हाईत, कात्रीबी बोटांत धरवत न्हाय. ल्योक-सून कारखान्यात जात्यात, घरात मी एकटी. संक्रांतीपासनं दुपारची भाकर पान्यात बुडवून खाती मी."

रेवणसिद्ध कसाबसा म्हणाला, "आव्वा, मला सांगायचं न्हाईस व्हय?"

"दोनदा सांगितलं की रे. तिसऱ्यांदा लाज वाटली."

तो तिथंच खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडायला लागला. सूड उगवला की माणसाचं मन निवतं म्हणतात. माझं नाही निवलं. मी मल्लव्वाकडं बघत मनात म्हणत होते, आव्वा, थांबू नका, अजून बोला.