खळ्यावरचा बाक

मी बाक बोलतोय. सिमेंटचा, तीन माणसं ऐसपैस बसतील एवढा, पाठीवर आमदारांचं नाव असलेला. अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीला लागून एक कोळीवाडा आहे. त्याच्या तोंडाशी, रंगीत फरश्यांवर मला बसवलंय. तुम्ही इथं संध्याकाळी फिरायला येत असाल, तर माझ्यावर टेकलाही असाल.

माझा जन्म गोवंडीकडच्या एका पत्र्याच्या शेडमधला. साच्यात आधी नावाची अक्षरं बसवली, मग सळया घातल्या, मग सिमेंट ओतलं. 'आमदार सुबोधदादा यांच्या निधीतून.' शेजारच्या साच्यात दुसऱ्या पक्षाच्या आमदाराचं नाव होतं. साचा तोच, सिमेंट तेच, अक्षरं तेवढी निराळी. मुकादम ओरडायचा, "पाय वाकडा झाला तर चालेल रे, नाव वाकडं नको!" माझा डावा पाय अजूनही जरासा वाकडाच आहे.

मी यायच्या आधी इथं खळं होतं. खळं म्हणजे कोळणींची मासळी सुकवायची जागा. बांबूंच्या उंच मांडण्या उभ्या असत, त्यांना वलांड्या म्हणतात. त्यांवर बोंबील टांगायचे आणि खाली मातीवर जवळा पसरायचा. हे सगळं मला बायकांच्या बोलण्यातून कळलं. त्यांतलीच एक मथुरा. ती इथं सासूबरोबर उभी राहायची, सासू गेल्यावर एकटी. नवऱ्याची, भिकाजीची, होडी आणि तिचं खळं, यावर त्यांचं घर चालायचं.

तक्रार एकच होती. मातीवरच्या जवळ्यात रेती येते आणि दाताखाली कचकच लागली की गिऱ्हाईक परत फिरकत नाही. म्हणून मथुरा आणि तिची शेजारीण सुगंधा बायकांना घेऊन दादांच्या कार्यालयात गेल्या. खळ्यावर सिमेंटचा कोबा घालून द्या, एवढंच मागणं. दादा हात जोडून म्हणाले, "झालं समजा." बायका खूश होऊन घरी आल्या.

भूमिपूजन ठरलं. आदल्या दिवशी दादांचा कार्यकर्ता भीमराज हजर. "मावशी, मंडपाला जागा पाहिजे ना! एका दिवसापुरत्या वलांड्या काढा. दादा येणार, एकदम झकास झालं पाहिजे."

आता दारात पाहुणा येणार म्हटल्यावर कोळीवाडा हात आखडता घेईल का? बायकांनी आपल्या हातांनी वलांड्या सोडल्या, खळं झाडलं. दुसऱ्या दिवशी लुगडी नेसून, फुलं माळून त्या ताशावर नाचल्या. दादांच्या डोक्यावर लाल टोपी मथुरेनंच ठेवली. मग पडदा सरकला. फलकावर होतं, 'खाडीकिनारा सुशोभीकरण'.

मथुरेनं ते वाचलं. "यात कोबा कुठं हाय रे?"

"अगं मावशी, सरकारी भाषा अशीच असते. कोबा त्यातच आला."

आणि आला ना! भीमराज खोटं बोलला असं कोणी म्हणू शकत नाही. कोबा आला, कोब्यावर फरश्या आल्या, नक्षीचे दिवे आले आणि आम्ही बाक आलो. वलांड्या रोवायचे खड्डे कायमचे बुजले. कुणी येऊन हाकललं असतं, तर भांडता तरी आलं असतं. पण जागा मोकळी करून दिली ती त्यांनीच, वर नाचूनसुद्धा. याचीच मथुरेला सगळ्यात जास्त चीड होती. सुगंधाजवळ ती तोंडावर पदर धरून रडली, तेव्हा दोघी माझ्यावरच बसल्या होत्या.

पाऊस सरला आणि बोंबील लागला. भिकाजीची होडी भरून आली. जागेची काही सोय होते का, याची मथुरेनं दोन दिवस वाट पाहिली, मग तिसऱ्या सकाळी ताज्या मासळीची टोपली घेऊन आली, माझ्या पाठीपासून शेजारच्या बाकापर्यंत दोरी बांधली आणि बोंबील टांगले. दोरीवर मावेनात, तेव्हा उरलेले माझ्या पाठीवर टाकले. खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला आपण कामाचे आहोत असं वाटलं. ऊन चांगलं होतं, वारा खाडीवरून येत होता.

दुपारपर्यंत समोरच्या टॉवरमधून तक्रार गेली. वास येतो म्हणे. कोळीवाड्याला लागून घर घेतलं आणि वासाची तक्रार! भीमराज मोटारसायकलवरून आला. वासाचं तो काही बोललाच नाही. माझी पाठ बघून मात्र त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, वाट लावलीत ना राव! दादांच्या नावावर बोंबील टांगलेत?"

"मग नाव काढ तिथनं," मथुरा म्हणाली. "आमचं म्हावरं आमच्या जागेवरच हाय."

"फोटो कुणी वर पाठवला तर माझी नोकरी जाईल."

"आणि माझं म्हावरं कुजलं तर? ते कुणाला पाठवू?"

त्यानं खिशातून चाकू काढला. दोरी कापली. बोंबील फरशीवर पडले, सफाईवाल्यानं ते खराट्यानं लोटून खाडीत टाकले. मग भीमराजनं बादलीभर पाणी मागवून माझी पाठ साबणानं घासली. अक्षरन् अक्षर लख्ख केलं. मला धुतल्याचा एवढा संताप कधी आला नव्हता.

आठवड्याभरात दादा स्वतः आले. बरोबर फोटोवाला. मथुरा माझ्यावर बसून होती, ती उठली नाही. दादाच तिच्या शेजारी बसले.

"दादा, आमचं खळं?" तिनं सरळ विचारलं.

"मावशी, जन्मभर उन्हात उभ्या राहिलात. आता बसायचे दिवस आले तुमचे!" म्हणत त्यांनी तिचा हात हातात घेतला. तेवढ्यात फोटो निघाला. दादांच्या कार्य अहवालात तो पानभर छापलाय. खाली लिहिलंय, 'कोळी भगिनींसाठी आसनव्यवस्था.'

आता मथुरा खळं करत नाही. भिकाजी ओली मासळी धक्क्यावरच मिळेल त्या भावात देऊन टाकतो. मथुरा व्यापाऱ्याकडून गुजरातचे सुके बोंबील आणते आणि माझ्या पायाशी टोपली मांडते. परवा टॉवरमधल्या श्रुतिका मॅडम चालून दमल्या आणि माझ्यावर बसल्या. बोंबील हातात घेऊन त्यांनी विचारलं, "मावशी, घरचेच सुकवलेले ना?"

"नाय बाय. हे गुजरातचं. घरचं खळं हितंच व्हतं. तू बसलीयस ना, तिथं."

मॅडम जराशा सरकल्या, मथुरेला जागा करून दिल्यासारख्या. मग म्हणाल्या, "बरं, अर्धा किलो द्या."

मथुरेनं तोलून दिले.

ऐकलंत ना? मग एक करा. तुमच्या भागात माझ्यासारखं काही यायचं असेल, तर मंडप उभारायच्या आधी विचारा, की त्या जागेवर आज कोण उभं आहे. आणि इथं आलात तर कृपा करून माझ्यावर बसू नका. मला उठता येत नाही, नाहीतर इथून पहिला मीच उठलो असतो.