बुधवारचा प्रताप

अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटाच्या घरात गॅरेजमध्ये गाडी राहत नाही. तिथे मी आणि माझा नवरा वजनं उचलतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार वर्षांत एक दिवस चुकलेला नव्हता. ऑक्टोबरात ह्यांची कंबर धरली आणि फिजिओने योगा सुचवला. करा की मंगळवारी, गुरुवारी! पण आमच्या कॉलनीच्या क्लबहाउसमधला बिगिनर्स क्लास निघाला नेमका बुधवारी.

"बुधवारचे स्क्वॉट्स तू एकटी कर ना," हे म्हणाले. "अनिका म्हणते, क्लासच्या दिवशी पायांना हेवी काही नको."

अनिका म्हणजे हा क्लास घेणारी, शेजारच्या शुभाताईंची मुलगी. इथेच जन्मलेली, वय सव्वीस. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नाही. अनिका म्हणते श्वास, अनिका म्हणते खांदे. 'खांदे खाली घ्या' म्हणून मी चार वर्षं ओरडतेय, ते कुठे गेलं? मी जळत होते, सरळ सांगते. मला माझा बुधवार परत हवा होता.

शेवटी ह्या बुधवारी मीही मॅट उचलली. सकाळी मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त वजन घालून स्क्वॉट्स केले. ही कोण मला सांगणार!

"रेणूमावशी, वेलकम!" अनिका म्हणाली आणि ह्यांच्याकडे वळली. "हाय प्रताप! पाठ कशी आहे?"

मी मावशी, आणि हे प्रताप! बावीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना 'अहो'शिवाय हाक मारलेली नाही. नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही चारचौघींनी आग्रह केल्यावर. आणि ही कालची पोरगी तासाभरात वीस वेळा घेत होती. "ब्यूटिफुल, प्रताप." "ब्रीद, प्रताप." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे मात्र दर वेळी शाबासकी मिळाल्यासारखे खूश.

शेवटी दिवे मंद झाले. सगळे डोळे मिटून शवासनात पडले आणि सकाळच्या स्क्वॉट्सनी सूड उगवला. पोटरीत असा गोळा आला की जीव कळवळला. हे हातभर अंतरावर होते. 'अहो' ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. तिला जमतं, मग मला का नाही?

"प्रताप," मी हळूच हाक मारली. उखाण्याशिवाय पहिल्यांदाच.

ह्यांनी डोळे उघडले नाहीत. चेहऱ्यावर हसू मात्र पसरलं.

"येस, अनिका?"