निळ्या नळीची खोटी शाबासकी

मित्रांनो, मी एक जुनी डायलिसिसची मशीन आहे. माझं काम नाजूक असेल असं वाटत असेल, तर तो गैरसमज आधी काढून टाका. अहो, दांडगाईचं काम आहे! हातात दोन जाड सुया खुपसल्या की लाल नळीतून मी रक्त ओढते, त्यातलं विष काढते आणि निळ्या नळीतून रक्त परत ढकलते. नवी होते तेव्हा डॉक्टर स्वतःच्या रुमालानं माझा पडदा पुसायचे. पुढे माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले.

माझ्याकडे एक पैलवान यायचा. किडन्या निकामी झालेल्या. सोबत बायको आणि तापट धाकटा भाऊ.

मी किती विष काढलं, हे आधीचं आणि नंतरचं रक्त तपासून कळतं. नंतरचं काढताना माझा पंप मंद करायचा, जरा थांबायचं आणि लाल नळीतूनच काढायचं, कारण तिच्यात अंगातलं रक्त असतं. आमच्या टेक्निशियनला सगळे गडबड्या म्हणत, ते उगाच नाही. पठ्ठ्या निळ्या नळीतून रक्त काढून मोकळा! तिच्यात तर मी नुकतंच धुतलेलं रक्त. टाकी साफ आहे का बघायला फिल्टरचं पाणी चाखावं, तसला प्रकार. रिपोर्ट झकास आला. डॉक्टरांनी खूश होऊन पैलवानाचा मशीनवरचा वेळच कमी केला.

पैलवान मात्र सुजत चालला. अंगभर खाज, सारख्या उलट्या. रिपोर्ट दर खेपेला झकास, मग खापर फोडायचं कुणाच्या डोक्यावर?

"वहिनी, तुम्हीच चोरून भलतंसलतं खायला घालताय!" धाकटा गरजला.

"अरे, त्यांच्या पोटात पाणी ठरत नाही, खायला काय घालू?"

त्यानं फाडकन तिच्या थोबाडीत दिली. ती माझ्यावर आदळली. तिच्या फुटलेल्या ओठाचं रक्त माझ्या पडद्यावरून ओघळलं, आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. भावाला आवरायला पैलवान ताडकन उठला, तोच त्याला झटका आला. हातपाय आपटताना सुई उपसली, रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. मी जीव खाऊन बोंबलले. सिस्टरनं धावत येऊन त्याचा हात दाबून धरला, म्हणून तो वाचला.

तिला त्या झकास रिपोर्टचाच संशय आला. पुढच्या खेपेला नंतरचं रक्त तिनं स्वतः काढलं, लाल नळीतून. विष जेमतेम उतरलं होतं!

"इतके दिवस कुठून काढत होतास रे?"

"निळ्या नळीतून... ती हाताशी असते," गडबड्या पुटपुटला.

धाकट्यानं सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला आणि त्याच्या डोक्याच्या दिशेनं हाणला. गडबड्या वाकला, घाव माझ्यावर बसला. पडद्याच्या ठिकऱ्या उडाल्या. दुसऱ्या घावाआधी वहिनी मध्ये उभी राहिली.

"ठेव खाली! आता याचं डोकं फोडून यांचं रक्त साफ होणार आहे का?"

स्टँड खणकन पडला. धाकटा तिच्या पायाशी कोसळला. "वहिनी, चुकलो."

"कागदावर विश्वास ठेवलास," ती म्हणाली, "माझ्यावर नाही ठेवलास."



आता पैलवानाला दुसऱ्या मशीनवर पुरा वेळ मिळतो. मी जिन्याखाली पडून असते. परवा तो माझ्यासमोरून स्वतःच्या पायांनी चालत गेला, तेव्हा मला भरून आलं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पण माप घेताना त्याहून जपा. रिपोर्ट छान आणि माणूस सुजलेला दिसला, तर आधी रिपोर्टवर संशय घ्या. चुकलेलं माप पुन्हा घेता येतं. मारलेली थोबाडीत परत घेता येत नाही.